सात घरांची पट्टी

शांताराम गेल्याचं कळवणारं कार्ड दोन दिवस माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं, आणि ते मी शांतारामकडूनच वाचून घेणार होतो.

कार्ड मुलुंडच्या डॉक्टरांचं होतं. डॉक्टर माणूस देवासारखा, पण अक्षर असं की शाईत पाय बुडवून मुंगी कागदभर हिंडली असावी. ते अक्षर लागणारा माणूस उभ्या मुलुंडात एकच, त्यांचा कंपाउंडर शांताराम. मंगळवारी घाटकोपरला माझ्या खोलीवर कार्ड आलं. मी ते खिडकीशी धरलं, तिरपं धरलं, चष्मा काढून धरलं. ‘शांताराम’ लागलं, ‘रविवारी’ लागलं. बाकीच्या पाच ओळींनी दाद दिली नाही. वर ‘श्री’ नव्हता हे खरं, पण डॉक्टर सुधारक, ते कधीच ‘श्री’ घालत नसत. तेव्हा रविवारी शांतारामकडे काहीतरी कार्य असणार, बहुतेक सत्यनारायण, असा शोध लावून मी मोकळा झालो. गुरुवारी नेहमीप्रमाणे मुलुंडला जायचंच होतं. त्याचं आमंत्रण त्यालाच वाचायला लावू, तेवढाच हसेल, म्हणून कार्ड खिशात ठेवलं...

गुरुवारी संध्याकाळी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर डॉक्टर एकटे बसले होते. मी कार्ड पुढे केलं आणि म्हणालो, “डॉक्टर, कंपाउंडरला बोलवा. तुमचं पत्र आलंय, वाचायचंय.” डॉक्टरांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, “दामोदरपंत, बसा. मीच वाचतो.” आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. मागच्या रविवारी पहाटे, झोपेतच. हृदय. सोमवारी मी ऑफिसात फायलींना दोरे बांधत होतो आणि इकडे तो जाऊन एक दिवस झाला होता. नात्यातलं अलिबागेहून कोणी वेळेवर पोचू शकलं नाही. डॉक्टर आणि दवाखान्याचे चार पेशंट, एवढ्यांनी त्याला पोचवलं. मला कळवलं होतं, पण ते मला वाचता आलं नव्हतं.

शांतारामची माझी ओळखही अशाच एका शहाणपणातून झाली. दारूबंदी येऊन तीन-चार वर्षं झाली होती. सरकारच्या मते मुंबई कोरडी झाली होती आणि माझ्या मते मी एकटाच कोरडा राहिलो होतो, कारण आमच्या भागातला खात्रीचा माणूस पोलिसांनी उचलला होता. सगळं बोलतोय तर हेही बोलून टाकतो. मी हौसेने पिणारा नव्हतो. मला लागायची. खाडीकाठची हातभट्टी मिळाली नाही तर औषधाच्या दुकानातलं टिंक्चर मी पाण्यात घालून घेत असे, आणि बायकोने, सुमनने, बाटली पाहिली की “औषध आहे” म्हणत असे. म्हणायचा आवाजही ठरलेला, जरा दुखावलेला. सुमनने तो आवाज पाच वर्षं ऐकला, मग मुलीला घेऊन रत्नागिरीला भावाकडे निघून गेली. जाताना भांडली नाही. भांडली असती तर उत्तर देता आलं असतं.

अशा दिवसांत मुलुंडला एका न्हाव्याच्या खुर्चीत बसलो असताना तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, “त्या दवाखान्याच्या मागे काहीतरी चालतं, साहेब. दर गुरुवारी दवाखाना बंद, आणि मागच्या दाराने माणसं आत जातात. चपलासुद्धा बाहेर ठेवत नाहीत. तासाभराने एकेक करून निघतात, कोणाशी बोलत नाहीत.” वस्तरा माझ्या गालावर असतानाच सगळा हिशेब जुळला. दवाखाना, म्हणजे स्पिरिट. मागचं दार, म्हणजे अड्डा. चपला आत, म्हणजे चालवणारा हुशार. पुढच्या गुरुवारी मी धुतलेला सदरा घातला, कोटाच्या आत पोटाशी एक रिकामी रबरी गरम पाण्याची पिशवी बांधली (त्या काळी माल न्यायला याहून सुरक्षित काही नव्हतं) आणि मागचं दार वाजवलं.

दार उघडणारा माणूस उंच, किंचित वाकलेला, हाताला औषधांचा वास. त्याने नाव विचारलं नाही. “चपला हातात घ्या आणि आत या,” एवढंच म्हणाला. आतल्या बाकावर दोघं बसले होते. एक शाळेतले मास्तर, दुसरा विक्रोळीच्या कारखान्यातला फिटर गावकर. भिंतीलगत चपलांची रांग. मी माझ्या ठेवल्या आणि बसलो. उंच माणसाने स्टोव्ह पेटवला, चहा केला, औंसाच्या खुणा असलेल्या मोजपेल्यात ओतला आणि माझ्यापुढे धरला. मला ही व्यवस्था फार आवडली. पोलीस आले तर समोर चहा. मी एक घोट घेऊन हळूच म्हणालो, “हे झालं. आता ते.”

“ते कुठलं?”

मी कोटाची बटणं काढून पिशवी बाहेर घेतली. “यात भरा.”

त्याने पिशवी घेतली, बूच काढून नाकाशी नेली, आणि अगदी दवाखान्यातल्या आवाजात विचारलं, “पोट शेकायचंय की पाठ?”

मास्तरांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. गावकर मात्र उघड हसला. “अरे, ह्यो गुत्तो समजान इलो रे,” तो म्हणाला.

“इथे मिळत नाही,” उंच माणूस म्हणाला. “आम्ही तिघं सोडतोय. एकट्याने जमत नाही म्हणून एकत्र बसतो.”

मी इतका ओशाळलो की भांडायलाच उठलो. “मग चपला आत कशाला घेता? चोरासारखं?”

“दारू पिणाऱ्याला गाव हसतं,” तो म्हणाला, “आणि सोडणाऱ्याला तर पैज लावून हसतं. म्हणून आत.” मग माझ्या पिशवीचं बूच लावत म्हणाला, “चहा संपवून जा. पिशवी राहू दे, माझी पाठ धरते थंडीत.”

ती पिशवी मला परत कधीच मिळाली नाही. पाच थंड्या तिने शांतारामची पाठ शेकली. माझ्या पिण्याचा जगाला झालेला उपयोग तेवढाच.

परदेशात कुठे अशी माणसं एकमेकांसमोर बसून खरं बोलतात, असं डॉक्टरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. त्यांनी ते शांतारामला सांगितलं, कारण त्याची गरज त्यालाच सगळ्यात जास्त होती. एके काळी हा दवाखान्यातलं स्पिरिट चोरून प्यायचा. त्याच अमलात त्याने एका म्हातारीला चुकीच्या बाटलीतलं औषध दिलं. म्हातारी दीड दिवस शुद्धीवर नव्हती आणि हा दीड दिवस तिच्या खाटेशी उभा होता. बसला नाही म्हणे. म्हातारी वाचली, याला ओळखून “पोरा, जेवलास का?” म्हणाली. डॉक्टरांनी त्याला काढलं नाही, स्पिरिटच्या कपाटाची किल्लीसुद्धा त्याच्याचकडे ठेवली. ही हकीकत शांतारामने आम्हाला एकदाच सांगितली, चार वाक्यांत. पाचवं वाक्य होतं, “चहा घ्या, निवतोय.”

परदेशातल्या त्या बैठकांत काय करतात ते मासिकात फारसं नव्हतं, म्हणून बाकीचं शांतारामने आपल्या धंद्यातून काढलं. दवाखान्यात औषधाच्या बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवतात ना, डोस कळायला? तशी पट्टी तो आमच्यासाठी कापायचा. कागदाची लांब पट्टी तीनदा घडी घालायची, कडेला कात्रीचा एकेक चावा घ्यायचा, उलगडली की आठ घरं. आठवं कापून टाकायचं. उरली सात. ती पट्टी रिकाम्या बाटलीला खळीने चिकटवून तो आमच्या हातात द्यायचा. दिवस कोरडा गेला तर दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर एक घर पेन्सिलीने काळं करायचं, आदल्या रात्री नाही, कारण रात्रीचा भरवसा नसतो. पुढच्या गुरुवारी बाटली घेऊन यायचं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं: गुरुवार कोरडा, शुक्रवार कोरडा, शनिवार कोरडा. प्रत्येक घराला शांताराम एवढंच म्हणायचा, “बरं. पुढे.” शाबासकी नाही, उपदेश नाही. एखादा अडखळला, “मंगळवारी घसरलंय,” असं गावकर खाली बघत म्हणाला, तरी तेच आणि त्याच आवाजात, “बरं. पुढे.” त्या दोन शब्दांसाठी मी आठवडाभर जगलो आहे, हे आज लिहिताना हसू येतं. त्या वेळी घरी माझ्याशी कोणी दोन शब्दसुद्धा बोलत नव्हतं.

तिसऱ्याच आठवड्यात मी खोटं वाचलं. सोमवारी प्यालो होतो आणि सातही घरं काळी करून गेलो होतो. सुरेख वाचलं, आवाजही चढवला. शांतारामने “बरं, पुढे” सात वेळा म्हटलं. मग नवी पट्टी कापायला घेतली आणि एकच घर कापून बाटलीला लावलं.

“हे काय?”

“आजचं. उद्या परत ये.”

“घाटकोपरहून रोज?”

“सात झेपत नाहीत तर एक ने, दामू.” त्या दिवसापासून तो मला दामू म्हणू लागला.

“पण मी वाचलं ना सगळं...”

“सातही घरं एकाच पेन्सिलीची, एकाच दाबाची, एकाच बैठकीतली. औषध मोरीत ओतून बाटली बरोबर खुणेवर आणणारे पेशंट मी रोज बघतो. घेतलेल्या डोसाच्या खुणा कधी इतक्या सारख्या नसतात.”

एक महिना मी रोज ऑफिस सुटल्यावर मुलुंडला जाऊन एकेक घर आणत होतो. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस मी मुलुंडला सोयरीक जमवतोय असं समजायचा. महिन्याने शांतारामने न बोलता सात घरांची पट्टी हातात ठेवली. मॅट्रिक झालो तेव्हाही मला इतकं भरून आलं नव्हतं, पण त्याचं फार नाही, कारण मॅट्रिक मी तिसऱ्या खेपेला झालो होतो.

यानंतरची गोष्ट मी कोणाला सांगत नाही. कोरडं राहून वर्ष झालं तेव्हा सुमन एकदा न कळवता आली. मुलीला रत्नागिरीलाच ठेवून एकटीच. मला वाटतं, राहायच्या तयारीने आली होती, कारण ट्रंक मोठी होती. मी बाहेरून आलो तर ती फडताळासमोर उभी, हातात माझी बाटली. औषधाची, रिकामी, वर पट्टी. “हे काय आहे?” तिने विचारलं. आणि माझ्या तोंडून निघालं, “औषध आहे.” तोच आवाज, तोच दुखावलेला. मग मी सगळं सांगितलं, शांताराम, मास्तर, गावकर, घरं, पेन्सिल. एक अक्षर खोटं नव्हतं, पण खरं बोलायचा वेगळा आवाज माझ्याकडे नव्हताच. तिने शांतपणे ऐकलं, बाटली जिथली तिथे ठेवली. दुसऱ्या दिवशी ट्रंक न उघडता परत गेली. त्या गुरुवारी मी सगळी घरं वाचली आणि मग हे सांगितलं. शांतारामने निवलेला चहा परत स्टोव्हवर ठेवला. मग म्हणाला, “मी रत्नागिरीला जाऊन सांगू का?” मी म्हटलं, “तू कोण म्हणून सांगशील? नवऱ्याचा दारूतला दोस्त?” तो हसला. “तेही खरंच,” म्हणाला. त्या रात्री झोप लागणार नाही म्हणून त्याने मला आपल्या खोलीत ठेवून घेतलं. दवाखान्यालगतची एवढीशी खोली, एक खाट, ती मला दिली. तो खाली माझीच रबरी पिशवी पाठीशी घेऊन झोपला.

वर्षं गेली. मास्तर पुण्याला मुलाकडे राहायला गेले. गावकरची पाळी बदलली की तो महिना-महिना येत नसे. कधी कधी मागच्या खोलीत शांताराम आणि मी असे दोघंच. चपलांचे दोन जोड भिंतीलगत. दोघांसाठी कशाला चपला आत, असं मी एकदा म्हटलं. “तिसरा आला तर त्याला कसं कळेल, ही तीच जागा म्हणून?” तो म्हणाला. तिसरा आला नाही.

तर, डॉक्टरांनी कार्ड वाचून दाखवलं त्या गुरुवारी त्यांनी मागच्या दाराची किल्ली माझ्यापुढे धरली. “गुरुवारचं तुम्ही बघाल का? नाहीतर ही खोली मी औषधांच्या खोक्यांना देतो.” मी किल्ली घेतली, पण हो म्हणालो नाही. माझ्या बाटलीवर त्या आठवड्याची सातही घरं काळी होती आणि ती ऐकायला कोणी नव्हतं. मी ती डॉक्टरांना वाचून दाखवली नाही. नवी पट्टीही कोणी लावली नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा मी नव्या पट्टीशिवाय घरी गेलो.

शनिवारी अर्धी सुट्टी. दुपारी विक्रोळीला उतरलो आणि खाडीच्या दिशेने चालत सुटलो. तिवरांच्या झाडीत कुठे वळायचं ते पाय विसरले नव्हते. झोपडीपुढे एक बाई बसली होती. म्हणाली, “बाटली आणलीस का? माझ्याकडं नाय.” ऑफिसच्या पिशवीत हात घातला तर तीच बाटली हाताला आली. ऑफिसात जाताना मी ती का घेतली होती, देवाला ठाऊक. बाईने बाटली उलटीसुलटी करून पाहिली, पट्टीवर अंगठा फिरवला.

“औषधाची हाय. घरात दुखणं हाय कोणाला?”

“मलाच,” मी म्हणालो.

“मग नाय भरायची मी. औषधाच्या बाटलीत ही घातली की दुखणं हटत नाय, माझ्या सासूनं सांगितलंय. दुसरी आण जा.”

“मावशी, औषध कधीच नव्हतं तिच्यात.”

“मग पट्टी कशाला लावलीस?”

पाच वर्षांत हा प्रश्न मला दुसऱ्यांदा एका बाईने विचारला होता. या वेळी मी बाटली परत पिशवीत टाकली. दुसरी बाटली आणायला म्हणून उठलो, स्टेशनपर्यंत आलो, आणि आलेल्या गाडीत बसून मुलुंडला गेलो. याला निग्रह म्हणू नये. माझ्याजवळ दुसरी बाटली नव्हती, एवढंच.

त्यानंतर आजवर पाच गुरुवार मी मागचं दार उघडलं. पहिल्या दोन गुरुवारी गावकर आला. त्याने वाचलं, मी “बरं, पुढे” म्हटलं, पण माझ्या तोंडी ते चौकशी केल्यासारखं वाटत होतं. “तुका जमणा नाय,” गावकर म्हणाला, “पण म्हणत ऱ्हव.” मग त्याची पाळी बदलली. पट्टीचंही तसंच. तीन घड्या घालतो, चावे घेतो, आठवं घर कापायला विसरतो आणि मग बाटलीवरून ते खाली लोंबत राहतं. गेल्या गुरुवारीही कोणीच आलं नाही. मी चपला आत घेतल्या, चहा केला, निवू दिला. खळीची बरणी शोधायला त्याच्या टेबलाचा खालचा खण ओढला. आत पाकिटं होती, पेशंटांच्या कागदांची असतात तशी. एकावर मास्तर, एकावर गावकर, एकावर दामू. आमच्या वाचून झालेल्या सगळ्या पट्ट्या. माझं ते एका घराचं महिनाभराचं पीक दोऱ्यात ओवून ठेवलेलं.

आणि मागे, कापसात गुंडाळलेली, आणखी एक बाटली.

मला कळायला वेळ लागला. पाच वर्षं दर गुरुवारी आम्ही आमची घरं वाचून दाखवली. तो “बरं, पुढे” म्हणत गेला. आणि आमच्यापैकी एकानेही, एका गुरुवारी सुद्धा, “शांताराम, तुझी बाटली आण, वाच” असं म्हटलं नाही. तो सुटला आहे असं आम्ही धरून चाललो होतो. स्पिरिटच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून तो त्याच खोलीत झोपत होता, सकाळी उठून एक घर काळं करत होता, आणि ते ऐकायला त्याच्याकडे कोणी नव्हतं. मी तर त्याची खाटसुद्धा घेतली होती.

बाटली खिडकीशी नेली. शेवटच्या गुरुवारी कापलेली पट्टी. गुरुवारचं घर काळं, जरा फिकट. शुक्रवारचं काळं, पेन्सिल टोकदार केलेली. शनिवारचं कोरं. ते रविवारी सकाळी उठल्यावर करायचं होतं.

डॉक्टरांना विचारता आलं असतं, शनिवारी कसा होता म्हणून. मी विचारलं नाही. खिशातली पेन्सिल काढली आणि शनिवारचं एक घर काळं केलं. पुढची चार त्याची नव्हती, ती तशीच ठेवली.

हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येईल, ती रत्नागिरीला, सुमनच्या गावी, एक दिवस उशिरा पोचते. पण ते असो.

मी बाकावर बसलो, बाटली समोर धरली आणि मोठ्याने वाचलं, “गुरुवार कोरडा. शुक्रवार कोरडा. शनिवार कोरडा.” आणि सवयीने थांबलो... “बरं, पुढे” यायची वाट बघत.